'द थिंग' : राक्षस नक्की कोण?

भयपट म्हटलं की आपल्याला काय लागतं? पांढरी साडी, करकरणारं दार आणि मध्येच किंचाळणारं म्युझिक! जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'मध्ये (१९८२) यातलं काहीच नाही. हॉस्टेलवर आम्ही ६ जणांनी एकाच मॉनिटरसमोर कोंबून बसून तो पाहिला. संपल्यावर तिघं म्हणाले, "भन्नाट!" बाकीचे म्हणाले, "नुसता रक्तामांसाचा राडा. आणि शेवट कुठाय?"

गंमत म्हणजे १९८२ सालीही हेच झालं. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता आणि लोक त्या गोंडस परग्रहवासीयाच्या प्रेमात होते. 'द थिंग'ला समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपलं. खर्च सुमारे १.५ कोटी डॉलर, अमेरिकेतला गल्ला जेमतेम २ कोटी. आज मात्र तोच सिनेमा क्लासिक मानला जातो.

माझ्या मते समीक्षक राक्षस बघत बसले आणि माणसं बघायची राहून गेली. अंटार्क्टिकातला एक तळ, बर्फात अडकलेली १२ माणसं आणि कुणाचंही हुबेहूब रूप घेणारा एक जीव. शेजारी बसलेला मित्र खरा की नकली? खरी भीती इथे सुरू होते.

मग मॅकरेडी एक चाचणी शोधतो. प्रत्येकाच्या रक्तात तापलेली तार बुडवायची. नकली रक्त जीव वाचवायला उसळणार. एकदम इंजिनिअरिंग डोकं! पण त्याआधीच अंगावर आलेल्या क्लार्कला त्याने गोळी घातलेली असते. क्लार्कवर सगळ्यांचाच संशय होता ना! त्याचं रक्त मात्र शांत राहतं. तो माणूसच होता.

तो सीन बघताना मला आमची विंग आठवली. मागच्या सेमला एकाचा मोबाईल गेला. पुरावा शून्य, तरी आठवडाभर आम्ही एका अबोल मुलाला चोर ठरवलं. मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना. मीसुद्धा नाही. पुढे मोबाईल मालकाच्याच बॅगेत सापडला. त्या मुलाला 'सॉरी' कुणीच म्हटलं नाही.

सिनेमाच्या शेवटी दोघं उरतात, एकमेकांकडे बघत. कोण खरं, ते कळत नाही. मित्रांनो, म्हणूनच हा शेवट मला अर्धवट वाटत नाही. संशय एकदा शिरला की तो 'द एंड'ची पाटी बघून निघून जात नाही.

येत्या शनिवारी सिनेमा पुन्हा लावतोय. त्या मुलाला बोलवायला मी स्वतः जाणार आहे. सिनेमाचं नंतर, आधी सॉरी.