आधी सल्ला, मग नकाशा

दिवाळी उरकली की आपल्या कार्यालयांत घरवाढीची कामे येऊ लागतात. बंगल्याच्या मागे एक खोली काढायची असते, गच्चीवर पत्र्याची शेड घालायची असते, बागेच्या कोपऱ्यात आऊटहाउस किंवा मुलासाठी छोटे ऑफिस हवे असते, आणि सगळे पावसाळ्याच्या आत. मालक बहुधा ठेकेदाराशी बोलूनच आलेला असतो. आपल्याकडून त्याची मागणी एवढीच असते की प्लॅन पास करून द्या. आपणही लगेच मोजमापे घेतो आणि सबमिशनच्या मागे लागतो. आमच्या मते इथेच आपले चुकते. अशा कामात मालकाला सर्वांत जास्त गरज असते ती नकाशाच्या आधीच्या सल्ल्याची. तो स्वतंत्रपणे आणि लेखी द्यावा, आणि त्याचे शुल्क निःसंकोच घ्यावे.

परवानगी कशाला लागते, इथूनच गोंधळ सुरू होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधली 'विकास' ही संज्ञा फार व्यापक आहे. बांधकामाबरोबर वापरातला मोठा बदलही तिच्यात येतो. त्याच कायद्याच्या कलम ४३ ने मात्र वारसा इमारती सोडून इतरत्र केवळ आतल्या भागापुरती किंवा बाहेरच्या रूपात विशेष फरक न करणारी दुरुस्ती मोकळी ठेवली आहे. म्हणजे काही मालकांना 'तुम्हाला अर्जच करायला नको' असे सांगणे हाही सल्लाच, आणि तो देताना आपले एक सबमिशन हातचे गेले तरी चालेल. उलट बाजूला, पत्र्याची शेड तात्पुरती असते म्हणून चालते, ही समजूत आपल्यातल्या काहींचीही आहे. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत इमारतीची व्याख्या कोणत्याही साहित्याच्या बांधकामाला लागू होते. वीट की पत्रा, यावर सूट ठरत नाही. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे आणि इतरही काही क्षेत्रे वगळलेली आहेत. आपली जागा कोणत्या नियमावलीत येते हे पहिल्याच भेटीत पाहावे.

खरे कष्ट जुन्या लेआउटमधल्या बंगल्यांत आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या गृहरचना सोसायटीतले घर घ्या. मूळ मंजूर नकाशा सापडत नाही. सापडला तर उभे घर त्याच्याशी जुळत नाही: पोर्चमुळे साइड मार्जिन गेलेली, बाल्कनी खोलीत घेतलेली. नवी खोली दाखवायला गेलो की हे सगळे छाननीत वर येते, आणि मालकाला वाटते की हे संकट आपणच ओढवून आणले. जागा भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा देणाऱ्याची संमती लागते. मिळकत पत्रिकेवर वडिलांच्या पश्चात चार भावंडांची नावे असतात आणि खोली एकाला हवी असते. मागच्या मोकळ्या जागेत नेमकी सेप्टिक टाकी निघते. बागेत बांधायचे तर वाटेत आंबा उभा असतो, आणि शहरात तो तोडायचा म्हणजे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. वर मजला चढवायचा असेल, तर विटांच्या भार घेणाऱ्या भिंती आणि जुनी फूटिंग तो पेलतील का, हे संरचना अभियंत्याने उघडून पाहिल्याशिवाय कोणी बोलू नये. चटईक्षेत्र शिल्लक आहे म्हणून मजला उभा राहतो असे नाही.

ही पाहणी नकाशाआधी झाली तर मालकाचा खर्च थोडक्यात भागतो. स्लॅब पडल्यावर झाली तर तोच मालक कलम ५३ ची नोटीस घेऊन आपल्या दारात उभा राहतो. बांधकाम कायम ठेवण्यासाठी त्याला अर्ज करता येतो, हे खरे. पण मार्जिनमधल्या खोलीचे काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे, हे किती मालकांना आपण सांगितले?

आणखी दोन गोष्टी स्पष्टपणे बोलायला हव्यात. साठ दिवस उलटले की परवानगी मिळाल्यातच जमा, असे आपण सर्रास सांगतो. कलम ४५(५) चा लाभ प्रस्ताव नियमांत पूर्ण बसत असेल तरच मिळतो. दुसरे, 'पुढे नियमित होऊन जाईल' हा दिलासा देणे आता थांबवावे. कलम ५२क ची मुदत ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरती होती, गुंठेवारीची ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची. मीरतच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार वीज, पाणी आणि बँकेचे कर्ज यांची सांगड भोगवटा प्रमाणपत्राशी घातली गेली आहे. पुढची तारीख वाढेल या भरवशावर कोणाला भिंत उभारायला सांगणे हा त्याचा विश्वासघात आहे.

इंग्लंडमध्ये घरवाढीचे आणि बागेतल्या खोल्यांचे ठोकताळे २०१५ च्या आदेशात बांधून दिलेले आहेत. स्वतंत्र घराच्या मागे चार मीटरपर्यंत एकमजली वाढ, हद्दीपासून दोन मीटरच्या आतल्या बागेतल्या खोलीला अडीच मीटर उंची, अशा मर्यादांत बसले तर सहसा अर्ज लागत नाही. तरीही शंका असेल तर मालक शुल्क भरून स्थानिक प्राधिकरणाकडून कायदेशीरपणाचे प्रमाणपत्र घेऊ शकतो, अर्जापूर्वीचा सल्लाही घेऊ शकतो. आपल्या नगररचना विभागांनी लहान कामांसाठी अशी सोय करावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर जबाबदारी आपली आहे. एका पानाचा सल्ला पुरे: कोणती कागदपत्रे पाहिली, जागेवर काय आढळले, काय बसते, काय बसत नाही, खाली सही आणि तारीख. तुम्ही असे पान देत असाल तर मालकाचे नाव-पत्ता झाकून नमुना आमच्याकडे पाठवा. उपयुक्त नमुने पुढच्या अंकांत छापू.