मूळ पुस्तक एकदाच खपतं
भाच्याने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या साहसखेळाचं २०२४चं नियमपुस्तक पुढ्यात ठेवून विचारलं, २०१४चं झकास चालत असताना हे कशाला? एक कारण उघड आहे. नियमांचं मूळ पुस्तक टोळक्यातला प्रत्येक जण घेतो, पुढची साहसं मात्र फक्त खेळ चालवणारा. मग वर्षानुवर्षं कंपनीचा गल्ला भरायचा कशाने? पण नवी आवृत्ती म्हणजे निव्वळ धंदा, हे मला साफ अमान्य आहे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं ते भक्कम. आकडा शून्याखालीही जायचा आणि ऐन लढाईत पोरं वजाबाकी करत बसायची, राक्षस बिचारा ताटकळत! २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने ही उलटी गंगा सरळ केली: वीस बाजूंचा फासा टाका, बेरीज करा, चिलखताचा आकडा गाठला की वार लागला. अशी सफाई पुरवणी छापून होत नाही, पायाच उकरावा लागतो. आणि खेळणारेही ऐकून घेणारे नाहीत. २००८ची चौथी आवृत्ती अनेकांना रुचली नाही, तेव्हा तिसरीच्या नियमांवर बेतलेला ‘पाथफाइंडर’ हा वेगळा खेळ त्यांनी २००९पासून डोक्यावर घेतला. त्यांचा हा हट्ट मला मनापासून आवडतो.