छोट्या डिझेल इंजिनांची संगत



या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत औषधे, पथ्य आणि निद्रानाश यांविषयीचे प्रश्न अधिक असतात. या पंधरवड्यात मात्र एका वाचक-भगिनींनी निराळा प्रश्न विचारला आहे. त्यांचे वडील ७६ वर्षांचे आहेत. डिझेल शेडमधील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते डिझेल इंजिनांच्या लहान प्रतिकृती जमवतात, त्या उघडून दुरुस्त करतात, त्यांचे रंगरूप बदलतात. पत्नीच्या निधनानंतर दिवसाचे चार-पाच तास ते त्याच टेबलापाशी असतात. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरतो. मागील महिन्यात सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाचा चटका बोटाला बसला आणि तो त्यांना संध्याकाळपर्यंत उमगलाही नाही. भावाचे मत पडले की हा सारा पसारा विकून टाकावा. बहिणीला तसे करवत नाही. ‘काय करावे?’ असे त्या विचारतात.

उत्तराच्या आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हाताच्या कंपाचे नाही. चटका न कळल्याचे आहे. बोटांतील संवेदना मंदावणे हे मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या विकाराचे लक्षण असू शकते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनगटात वा मानेत नस दबणे हीदेखील कारणे असतात. तेव्हा विक्रीचा विचार बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावे. कंपाचीही तीच गोष्ट. ‘वयाने होते’ असे म्हणून तो सोडून देऊ नये. काही कंप हात कामात असताना वाढतात. पार्किन्सनमधील कंप बहुधा हात स्वस्थ असताना अधिक जाणवतो. थायरॉइडचा विकार, दम्याची काही औषधे, अती चहा-कॉफी यांनीही कंप वाढतो. कंप केव्हा येतो, हे बारीक काम करणाऱ्या माणसाला इतरांपेक्षा नेमके सांगता येते. ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

आता छंदाकडे वळू. कारण ज्या गोष्टीत आपले वडील रमतात ती नेमकी काय आहे, हे घरातल्यांना ठाऊक असले तर निर्णय सोपा होतो.

लघुरेल्वेच्या जगात ‘एचओ’ हे सर्वाधिक प्रचलित प्रमाण आहे. त्यात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७व्या हिश्शाएवढी असते. रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते, म्हणजे १,४३५ मिलिमीटरच्या ‘स्टँडर्ड गेज’चे ते लघुरूप होय. आपले ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचे. त्याच प्रमाणात ते १९ मिलिमीटरहून थोडे अधिक भरेल. तसे रूळ बाजारात सहज मिळत नाहीत. म्हणून भारतीय इंजिने घडवणारे बहुतेक छांदिष्ट १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर समाधान मानतात. कोणती तडजोड पत्करायची आणि कोणती नाही, हा विचार या छंदात पहिल्या पायरीपासून करावा लागतो.

भारतीयांच्या मनात डिझेल इंजिन म्हटले की उभे राहते ते ‘डब्ल्यूडीएम-२’. अमेरिकेतील ‘अल्को’ कंपनीच्या रचनेवर आधारलेली ही २,६०० अश्वशक्तीची इंजिने १९६२पासून येथे आली आणि १९६४पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे जवळजवळ साडेतीन दशके त्यांचे उत्पादन चालू होते. पुणे आणि कल्याणच्या शेडमधील कर्मचाऱ्यांच्या पिढ्या या घराण्याच्या इंजिनांसोबत वावरल्या. सुमारे १७ मीटर लांबीचे हे धूड एचओ प्रमाणात २० सेंटिमीटरहून किंचित लहान होते आणि तळहातापासून मनगटाच्या थोडे पुढे पोहोचते. ज्यांनी आयुष्यभर त्या धुडाखाली वाकून काम केले, त्यांना ते हातावर तोलून पाहण्यात काय वाटत असेल, हे निराळे सांगायला नको. आता विद्युतीकरणामुळे डिझेलचा तो काळ झपाट्याने मागे पडत आहे. त्यामुळे अशा माणसासाठी प्रतिकृती म्हणजे केवळ खेळणे उरत नाही. स्वतःच्या कामाची ती नोंद असते.

परदेशी प्रतिकृतीचे रूप पालटण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालते. सहा आसांच्या इंजिनाची जुनी प्रतिकृती घ्यायची, वरचे कवच अलग करायचे, मोटार आणि दातेचाके तपासायची. जुना रंग उतरवायचा. पितळेच्या बारीक तारेचे कठडे वळवायचे, खिडक्यांचा आकार बदलायचा, नव्या रंगाचे पातळ थर द्यायचे, क्रमांक चिकटवायचे आणि अखेरीस खडूची भुकटी हलक्या ब्रशने फिरवून धुराचे, गंजाचे डाग आणायचे. ‘डब्ल्यूडीएम-२’च्या बोगीत तीन आसांमधील अंतरे सारखी नसतात. अशी बारकी खूण जपावी की सोडावी, यावर जाणकार तासन्‌तास बोलू शकतात.

यानंतर येते विजेचे काम. जुन्या पद्धतीत रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा प्रवाह कमीअधिक करून वेग बदलतात. नव्या ‘डीसीसी’ पद्धतीत प्रत्येक इंजिनात एक छोटा डिकोडर बसवतात आणि त्याच रुळांवरची इंजिने निरनिराळी चालवता येतात. डिकोडरच्या तारांचे रंग ठरलेले आहेत : तांबडी व काळी तार रुळांकडून येते, नारिंगी व करडी मोटारीकडे जाते. जुन्या प्रतिकृतीत मोटार पुष्कळदा धातूच्या सांगाड्याला विजेने जोडलेली असते. ती पूर्णपणे अलग केल्याशिवाय डिकोडर बसवला तर तो जळतो. क्रम लक्षात ठेवणे, एक पायरी तपासून मग पुढची घेणे, बिघाडाचे कारण शोधणे असा हा बुद्धीचा व्यायाम आहे आणि तो कुणी लादलेला नाही.

अशा छंदांचा उपयोग होतो काय? २०२३मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षे व त्यावरील ९३,२६३ व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आढळली. स्वतःचे आरोग्य, आनंद आणि आयुष्याविषयीचे समाधान यांबाबतही त्यांनी अधिक चांगले सांगितले. अशा निरीक्षणावरून छंदामुळेच हे घडले असे सिद्ध होत नाही. प्रकृती बरी असलेल्यांना छंद जोपासणे सोपेही जाते. तरी पत्नीवियोगानंतर ज्या माणसाला सकाळी उठून टेबलापाशी जावेसे वाटते, त्याचे ते टेबल सहजी हलवू नये, एवढे तर निश्चित म्हणता येईल.

टेबल ठेवावे, पण सुरक्षित करावे. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

प्रकाश : साठीतील डोळ्याच्या पडद्यावर विशीतील डोळ्याच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. खोलीतील दिव्यावर भागवू नये. टेबलावर स्वतंत्र दिवा आणि स्टँडवर बसवलेले भिंग हवे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

हात : दोन्ही कोपरे टेबलावर टेकतील अशी खुर्ची व टेबलाची उंची ठेवावी, कंप पुष्कळ आटोक्यात येतो. इंजिन हातात न धरता फोमच्या खाचेत उलटे ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धारदार पाते टाळून बारीक कानस वापरावी आणि दाबून धरायला स्वच्छ कापड हाताशी ठेवावे.

सोल्डरिंग : टोकाचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. बोटांची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत हे काम थांबवावे किंवा दुसऱ्याच्या हातून करून घ्यावे. तारा जोडण्यासाठी छोटे प्लग व स्क्रूचे जोड मिळतात. सोल्डरच्या राळेच्या धुराने दमा उफाळू शकतो. खिडकी उघडी ठेवावी. काही सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून कामानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

रंग व गोंद : थिनर आणि फवाऱ्याचा रंग बंद खोलीत वापरू नये, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बरे. झटपट गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. गोंद डोळ्यात गेला तर तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

चुंबक : डबे जोडण्यासाठी काही जण छोटे, अतिशय शक्तिशाली चुंबक वापरतात. पेसमेकर असणाऱ्यांनी असे चुंबक छातीच्या खिशात ठेवू नयेत. निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत. घरातील लहान मुलाने चुंबक गिळला तर त्रास दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दोन चुंबक आतड्याच्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते.

बैठक : अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी. रूळ जमिनीवर न मांडता कमरेच्या उंचीच्या फळीवर मांडावेत. फळीखाली वाकून तारा जोडणे तरुणांवर सोपवावे आणि चालण्याच्या वाटेत एकही तार असू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. टेबल ‘आवरून’ ठेवू नका. अर्धवट उघडलेल्या इंजिनाचा एक स्क्रू हरवला तर आठवड्याचे काम वाया जाते आणि मनही दुखावते. एक कडा असलेला ट्रे द्या. त्या दिवशीचे काम त्या ट्रेमध्ये राहील. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली असेल तर छंद बंद करण्याऐवजी त्याचे तुकडे करा. चाके पुसणे, डबे क्रमाने लावणे, साध्या वर्तुळाकार रुळांवर गाडी फिरवणे ही कामे पुष्कळ काळ जमतात. हातांना झालेली सवय नावांपेक्षा उशिरा विसरते. अशा वेळी पाते, थिनर आणि सोल्डरिंगचे साहित्य मात्र कुलपात असावे.

हाताने काही धरणेच कठीण झाले तरी मार्ग असतो. कॅनडात जन्मलेले गायक नील यंग यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला गाड्या चालवता याव्यात म्हणून यंग यांनी मोठ्या बटणाने चालणारे नियंत्रण विकसित केले. पुढे ते ‘लायनेल’ या अमेरिकन लघुरेल्वे कंपनीचे भागीदारही झाले. माणूस बदलत नसेल तर साधन बदलावे, हे तत्त्व आपल्या घरातही लागू पडते.

राहिला विक्रीचा प्रश्न. तो वडिलांच्या पाठीमागे ठरवू नये. त्यांच्याबरोबर बसून एक नोंदवही करावी : प्रत्येक इंजिन कोणते, केव्हा घेतले, त्यात काय बदल केले, मूळ खोके आहे का, आणि पुढे ते कुणाला द्यावे. शेवटचा रकाना त्यांच्याच हस्ताक्षरात भरलेला बरा. नोंद करताना जुन्या इंजिनांच्या धातूच्या सांगाड्याला तडे गेले आहेत का, तेही पाहावे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर तो काळाने फुगतो आणि ठिसूळ होतो. असे इंजिन दुरुस्त करण्याचा आग्रह धरू नये. नव्या खरेदीसाठी महिन्याची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवावी. पुण्यात कोथरूडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयास त्यांना एकदा घेऊन जावे. आपल्यासारखे आणखी लोक आहेत, हे पाहणेही एकाकीपणावरचा उतारा असतो.

आणि भगिनींनो, आपल्या बंधूंना त्या टेबलापाशी बोलवा. सोल्डरिंगचे टोक त्यांच्या हाती द्या. कोणती तार कुठे जोडायची, ते वडील सांगतील. चटक्याची भीतीही मिटेल आणि वडिलांचे ज्ञान घरातच पुढे जाईल. डॉक्टरांकडील तपासणी मात्र या आठवड्यातच करून घ्यावी.