शंभर मैल, एकच गिअर

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, लेडव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. या गावाचा चरितार्थ प्रामुख्याने जवळच्या क्लायमॅक्स खाणीवर चालत असे. पोलादाला बळकटी देणारे मॉलिब्डेनम तेथे निघे. १९८२ मध्ये ही खाण बंद पडली आणि हजारो हात रिकामे झाले. केन क्लोबर या खाणकामगाराने १९८३ मध्ये तेथील डोंगरवाटांवर शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. बाहेरची माणसे यावीत, गावात मुक्काम करावा, चार पैसे खर्चावेत, हा त्यामागील सरळ हिशेब होता. १९९४ पासून माउंटन सायकलींचीही शंभर मैलांची शर्यत भरू लागली. २०१२ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली. शर्यती मात्र आजही भरतात.

सुमारे १६० किलोमीटरचे हे अंतर बारा तासांत कापणाऱ्यास पट्ट्याचे चांदीचे बक्कल मिळते. या शर्यतीत काही स्पर्धक एकाच गिअरची सायकल घेऊन उतरतात. त्यांचा निकाल वेगळा लागतो; मार्ग आणि बारा तासांची मर्यादा मात्र सर्वांना सारखीच. त्यांना थोडी सवलत द्यावी, असे एखाद्या कनवाळू प्रेक्षकास वाटू शकेल. ती न देणेच योग्य होय.

यासाठी थोडे गणित पाहावे. पुढील चक्राला ३२ आणि मागील चक्राला २० दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक १.६ वेळा फिरते. २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल पावणेचार मीटरांच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला ९० फेरे, हा सरावलेल्या पायांचा स्वाभाविक वेग. त्यातून ताशी २० किलोमीटर साधतात. सपाटीवर गिअरवाल्यांचा जथा ताशी तीस किलोमीटरने निघाला, तर त्याला गाठण्यासाठी मिनिटाला सुमारे १३५ फेरे मारावे लागतील. ते फार काळ जमत नाही. उलट, खड्या चढावर वेग ताशी पाच किलोमीटरवर आला की फेरे २३ वर येतात आणि प्रत्येक फेऱ्यास सारे शरीर पेडलवर टाकावे लागते. सपाटीसाठी दाते निवडले तर चढ अंगावर येतो, चढासाठी निवडले तर सपाटी हातची जाते. हा निर्णय शर्यतीपूर्वी घरीच घ्यावा लागतो. वाटेत तो बदलता येत नाही.

मात्र बारा तासांत १६० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी १३.३ किलोमीटर. हा आकडा एका गिअरच्या आवाक्याबाहेरचा नाही. शिवाय गिअर बदलणारी यंत्रणाच नसल्याने चिखलाने ती अडकण्याचा किंवा दगडावर आपटून वाकण्याचा धोका टळतो. स्पर्धकाने हा लाभ आणि ही हानी जाणूनबुजून पत्करलेली असते. सवलत दिली, तर त्याच्या निवडीला अर्थच उरणार नाही.

अर्थात, या निवडीला साधेपणाचे व्रत म्हणून डोक्यावर घेणेही बरे नव्हे. आपल्याकडील दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावून काळ्या सायकलीवर गाव फिरत आला, तोही एकाच गिअरवर. पण ती त्याची निवड नव्हती. चढ लागला की तो निमूटपणे उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

लेडव्हिलमध्येही हेच दिसते. सुमारे १२,४०० फुटांवरील कोलंबाइन खाणीपाशी मार्ग उलट फिरतो. परतीच्या सपाटीवर गिअरवाले पुढे निघून जातात. मग विजेच्या तारांखालून जाणारा पॉवरलाइन हा चढ येतो. तोवर शर्यतीचा बहुतेक भाग सरलेला असतो आणि पायांत त्राण उरलेले नसते. चढाच्या पहिल्या, अतिशय खड्या टप्प्यात अनेक गिअर असलेले अनेक जण खाली उतरून सायकल ढकलत असतात. एका गिअरवालाही त्यांच्याच रांगेत, तितक्याच वेगाने चालत असतो.