वृद्धांसाठी कायदा आहे, शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काय?

आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या अपत्यांविषयी आपल्याकडे कायदा आहे. त्यांना न सोडणाऱ्यांविषयी मात्र जवळपास काहीच नाही. २००७ च्या केंद्रीय अधिनियमाने ज्येष्ठांना न्यायाधिकरणापुढे जाऊन मुलांकडून दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क दिला. आसामने २०१७ मध्ये पालकांची उपेक्षा करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या वेतनातूनच रक्कम कापण्याची तरतूद केली. या कायद्यांची गरज मी नाकारत नाही. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक, म्हणजे प्रश्न केवळ कृतघ्नतेचा आहे, हे मला मान्य नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत कृतघ्नता नाही, थकवा आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली केली. निर्णय स्वागतार्हच होता. पण ही योजना रुग्णालयातील उपचारांची आहे. घरी परतल्यावर तिचा आधार जेमतेम पंधरा दिवसांचा. पक्षाघात झालेला माणूस आठवड्याभरात घरी येतो आणि पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून राहतो. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, भरवणे, रात्री उठून कपडे बदलणे हे कोणत्याच योजनेच्या हिशेबात येत नाही. हे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येते. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार कुटुंबीयांची काळजी घेणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया त्यासाठी दिवसाला १४० मिनिटे देतात, पुरुष ७४. (यात मुलांचे संगोपनही आले.)

रजेचेही तेच. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते. वृद्ध पालकांसाठी काय, या प्रश्नावर जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत मिळालेले उत्तर असे की, वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा त्या कारणासाठीही घेता येते. म्हणजे स्वतःचीच रजा. असंघटित क्षेत्रातल्यांना तर तीही नाही.

केरळने वेगळी वाट चोखाळली. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या प्रयोगातून तेथे २००८ मध्ये राज्याचे धोरण आकाराला आले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या परिचारिका घरी जातात, जखमा बांधतात आणि त्या कशा बांधाव्यात हे घरच्यांना शिकवतात. ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये मंजूर होतात. तेवढ्यात प्रौढांचे डायपरही महिनाभर पुरत नाहीत. पण रक्कम रुग्णाच्या नव्हे, काळजी घेणाऱ्याच्या नावे असते, याचे मोल मला मोठे वाटते.

तोवर कुटुंबांनी काही गोष्टी वेळेवर केलेल्या बऱ्या. आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची निर्णयक्षमता जाताच, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, निष्प्रभ होते. म्हणून आई-वडील धडधाकट असतानाच बँकेतले खाते संयुक्त करून घ्यावे. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ती मागून घ्यावी. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आणि परगावच्या भावाने केवळ पैसे पाठवून मोकळे होऊ नये. वर्षातून पंधरा दिवस तरी त्याने येऊन राहावे आणि त्या दिवसांत वहिनीने किंवा बहिणीने खुशाल घराबाहेर पडावे.

२००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि सभागृहाच्या मुदतीबरोबर २०२४ मध्ये बारगळले. सून आणि जावई यांनाही जबाबदार धरावे, उपेक्षेची शिक्षा वाढवावी, असे त्यात होते. त्या सुनेला रजा, विसावा वा मोबदला देणारे कलम मात्र त्यात नव्हते. सरकारने ते विधेयक नव्याने आणायचे ठरवलेच, तर सुरुवात त्या कलमापासून करावी.