मानमोडी

फजरची नमाज आटोपून आम्ही कल्याणहून कसारा लोकल पकडली. मी, माझा धाकटा भाऊ आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. मुलगा गप्प होता. चार दिवसांपूर्वी त्याने गलोलीने एक बुलबुल मारला होता आणि मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. भाऊ म्हणाला, "आपा, अबोल्याने काय होणार? चला दोघं माझ्याबरोबर उंबरमाळीला."

गाडीत मामूने भाच्याला डॉ. सलीम अलींची गोष्ट सांगितली. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग! ही खाणं जायज आहे का, असा प्रश्न पडला, म्हणून ते मामू अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेले. मामूंनी चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी त्या पोराला कप्पे उघडून भुसा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. मी ऐकत नसल्यासारखं केलं.

उंबरमाळी कसाऱ्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन. याच शहापूर तालुक्यात तानसाच्या जंगलात २०१४ साली रानपिंगळा सापडला, त्यामुळे कॅमेरेवाल्यांना त्याचीच ओढ. आम्हाला हवी होती मानमोडी. हिवाळ्यात उत्तरेकडून येते, पण दिसते क्वचित. चिमणीहून थोडी मोठी, रंग अगदी सुकलेल्या सालीचा. सुतारपक्ष्याच्या कुळातली, तरी स्वतः लाकूड कोरत नाही. लांब चिकट जिभेने मुंग्या टिपते. धोका वाटला की सापासारखी मान वळवून फुसफुसते, म्हणून हे नाव.

दीड तास बांधावर बसलो. आणलेली अंडाभुर्जी-पोळीही संपली. मग मुलगाच कुजबुजला, "मामू, ती साल हलली."

ती बाभळीवरून खाली उतरली, मुंग्यांच्या रांगेशी बसली. आमच्यापासून पंधरा पावलांवर. मुलाने दुर्बीण आधी माझ्याकडे दिली.

परतताना त्याने विचारलं, "अम्मी, त्या बुलबुलची पिल्लं असतील का?" हा घरट्यांचा मोसम नाही, असं मामूने सांगितलं. तरी आसनगावपर्यंत तो खिडकीबाहेरच बघत होता.

गलोल अजून त्याच्या दप्तरात आहे. मी मागितलेली नाही.