वाचलेला वेळ कोणाचा?

पाट्यावरची चटणी मिक्सरमध्ये गेली, चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतली, धुण्याचा भार यंत्राने उचलला. विज्ञानाने गृहिणीला फुरसत दिली, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. पुरुषांची अवघी ८८. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात थोडे!

मग वाचलेला वेळ गेला कोठे? धुणे सोपे झाले तशा चादरी-पडदे वरचेवर धुण्यास निघू लागले. वाटणे सोपे झाले तसे ताटातील पदार्थ वाढले. श्रम हलके झाले, परंतु त्यांची वाटणी होती तशीच राहिली. रात्री सारे कुटुंब मोबाईलच्या पडद्यात रमले असता उद्याच्या डब्याची चिंता वाहणारी ती एकटीच असते.

दोष यंत्राचा नव्हे. यंत्र वेळ वाचविते; तो न्यायाने वाटण्याचे काम माणसाचे आहे. घरात किती यंत्रे आहेत यावर नव्हे, तर जेवणानंतर ताटे कोण उचलतो यावर त्या घराची आधुनिकता ठरावी, असे आम्हांस वाटते. सुशिक्षितांनी ही परीक्षा आज रात्रीच देऊन पाहावी.